कवटीची आतली बाजू

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये मी पहिल्यांदा गेले ती लेकीच्या आग्रहामुळे, आणि तिथे ज्या वस्तूपुढे माझे पाय थांबले, तिची मला तोवर वार्ताही नव्हती. काचेमागे हरणाच्या कवटीचा फक्त वरचा भाग होता. त्यावर शिंगांचे दोन खुंट होते आणि माथ्याच्या हाडात आरपार पाडलेली भोके होती. जुन्या देवघरातल्या पाटाला तेला-धुराने यावा तसा काळपट तांबूस रंग त्या हाडाला आला होता. लेक ममींच्या दालनाकडे निघाली होती. ती परत आली आणि म्हणाली, "आई, हरणाची शिंगं बघायला आपण लंडनला आलो का?" तिचे चुकले नव्हते, पण मला काही तिथून हलवेना.

ही वस्तू इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या स्टार कार या ठिकाणची आहे आणि तिचे वय सुमारे ११,००० वर्षे आहे. शेती नाही, मडकी नाहीत, धातू तर फार दूरची गोष्ट, अशा मध्याश्मयुगातल्या कोणीतरी हरणाची कवटी कापून, तासून, भोके पाडून डोक्यावर बांधण्याजोगी केली होती. कशासाठी केली असेल, याविषयी गेली सत्तर वर्षे विद्वान वाद घालत आहेत. मला मात्र आधी आठवण झाली ती आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची.

मी नाशिक जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ जीवशास्त्र शिकवले. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, फॉर्मॅलिनमधल्या बेडकांच्या आणि सापांच्या बरण्यांमागे, सांबराचे एक गळालेले शिंग होते. ते कोणी, कधी आणले याची नोंद कुठल्याही वहीत नव्हती. (वन्यजीव कायद्याची आठवण झाल्यावर पुढे ते रीतसर वन खात्याकडे गेले.) एका दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना ते मी तराजूत घातले, तर सव्वा किलो भरले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. दार लावून घेतले आणि ते शिंग मुळाकडून कपाळाच्या वर टेकवून, दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मान ताबडतोब एका बाजूला कलली. कलली तशी मी ती सावरली, आणि सावरताना चाल आपोआप बदलली. पाऊल हळू आणि सरळ पडू लागले. समोरच्या भिंतीवर दुपारच्या उन्हात सावली पडली होती, ती पाहून मी शिंग घाईघाईने खाली ठेवले. हे मी तेव्हा कोणालाही सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय होते, हेही मला कळले नव्हते.

मराठीत आपण गाईच्या शिंगालाही शिंग म्हणतो आणि हरणाच्याही. शरीराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गाय, म्हैस किंवा काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर नखाच्या जातीच्या पदार्थाचे टोपण, आणि ते जन्मभर टिकते. सांबर, चितळ, बारशिंगा यांचे शिंग मात्र निखळ हाड असते; ते मखमली कातडीखाली दरवर्षी नव्याने वाढते, कातडी वाळून झडते, माज ओसरल्यावर काही काळाने शिंग गळून पडते आणि पुन्हा फुटते. स्टार कारची हरणे याच दुसऱ्या गटातली, युरोपात ज्याला तांबडे हरीण म्हणतात त्या जातीची, म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलाची जवळची भावकी. रानात गळून पडलेले शिंग कोणालाही उचलता येते, पण ज्या शिंगाला कवटी चिकटलेली आहे ते मिळवायचे तर हरीण मारावेच लागते, आणि तेही शिंग पूर्ण वाढून कडक झाल्यानंतर व गळण्याच्या आत, म्हणजे साधारण शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत. एवढी गोष्ट या हाडाकडे पाहून माझ्यासारख्या शाळामास्तरणीलाही सांगता येते.

मात्र अशा साध्या तर्कातच मोठी माणसेही फसतात. केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात स्टार कारचे उत्खनन केले आणि शिंगांच्या आधारे ही हिवाळ्यातली वस्ती असावी असे ठरवले. शिंगे साठवून ठेवता येतात आणि दुसरीकडून आणताही येतात, हा मुद्दा मागे पडला. पुढे १९८८ मध्ये लेग आणि रौली-कॉनवी या दोघांनी तिथल्या प्राण्यांचे दात नव्याने तपासले आणि उन्हाळ्याचा पुरावा पुढे ठेवला. त्यानंतर तिथे ऋतूंचे कोडे निर्माण झाले ते झालेच.

स्टार कार हे नाव आज एका शेताचे आहे. स्कारबरो या किनाऱ्यावरच्या गावापासून थोडे आत, पिकरिंगच्या खोऱ्यात, हिमयुग ओसरल्यानंतर एक मोठे सरोवर होते. अभ्यासक त्याला फ्लिक्स्टन सरोवर म्हणतात. हळूहळू त्यात लव्हाळे वाढले, सडले, थरावर थर बसले आणि शेवटी सरोवर बुजून काळ्या, भिजट पीटची जमीन झाली. जॉन मूर नावाच्या स्थानिक हौशी संशोधकाला १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे चकमकीच्या दगडाचे तुकडे मिळाले आणि त्यावरून क्लार्क तिथे पोचले. पीटमध्ये पाणी भरलेले असते आणि हवा जवळजवळ नसते, त्यामुळे जे सर्वत्र कुजून जाते ते तिथे टिकले होते: बर्चची साल, लाकूड, हाडे, शिंगे. शिंगाच्या चिपांपासून केलेली भाल्यांची दातेरी टोकेच क्लार्क यांना १९० हून अधिक मिळाली. आणि मिळाली ही शिरोभूषणे, एक-दोन नव्हेत, २१. पुढच्या उत्खननांत त्यांत आणखी भर पडली. जर्मनीत बेडबुर्ग-क्योनिग्सहोफेन, होएन फीशेल्न, बर्लिन-बीसडोर्फ अशा थोड्या ठिकाणी या प्रकारच्या वस्तू सापडल्या आहेत, पण तिथे त्या एक किंवा दोन. एका तळ्याकाठी एवढ्या संख्येने त्या का असाव्यात, याचे समाधानकारक उत्तर मला तरी अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

त्यांची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. कवटीचा चेहऱ्याकडचा भाग तोडून टाकलेला असतो आणि फक्त कपाळ व माथा ठेवलेला असतो. कडा ठोकून सारख्या केलेल्या असतात. माथ्याच्या हाडात सहसा दोन भोके असतात आणि ती दगडी हत्याराने दोन्ही बाजूंनी कोरत आणलेली असतात. त्यांतून वादी ओवून कवटी डोक्याला बांधत असावेत. शिंगांचे तर आणखीच नवल आहे. ती आखूड केलेली आहेत, आणि अनेक शिंगे मागच्या बाजूने लांबीच्या दिशेने कोरून पोकळ केलेली आहेत, अशा बेताने की वजन घटावे पण समोरून पाहणाऱ्याला आकार दिसत राहावा. नाटकाच्या नेपथ्यात जसा समोरून वाडा असतो आणि मागे बांबू, तसाच हा प्रकार आहे. आणि कवटीच्या आत, जिथे एके काळी हरणाचा मेंदू होता, तिथल्या हाडाच्या उंचवट्यांवरून तासणी फिरवलेली आहे. म्हणजे बाहेरची बाजू पाहणाऱ्यांसाठी घडवलेली होती, तर आतली बाजू ज्याच्या डोक्यावर ती बसणार होती त्याच्यासाठी. या आतल्या तासणीविषयी वाचले तेव्हा त्या अनाम माणसाला कपाळ होते, आणि त्या कपाळाला टोचत होते, हे मला एकदम पटले.

क्लार्क यांनी दोन शक्यता मांडल्या होत्या. एक, शिकारी हे डोक्यावर घालून हरणांच्या कळपाजवळ जात असावेत, म्हणजे ते वेषांतर होते. दुसरी, एखाद्या विधीत किंवा नृत्यात ते वापरत असावेत. दुसऱ्या शक्यतेच्या पुष्ट्यर्थ सायबेरियाचा दाखला नेहमी दिला जातो. निकोलास विट्सेन या डच गृहस्थाने १६९२ च्या आपल्या ग्रंथात तुंगुस लोकांच्या एका शामानाचे, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या भगतासारख्या माणसाचे, चित्र छापले आहे. त्याच्या डोक्यावर शिंगे आहेत, हातात डफासारखे वाद्य आहे, आणि चित्राखाली त्याला सरळ सैतानाचा पुरोहित ठरवून टाकलेले आहे. पुढे २००४ मध्ये शांताल कॉनेलर या संशोधिकेने वादाची मांडणीच बदलली. शिकार की विधी हा प्रश्न आपल्या काळाचा आहे, असे तिच्या लेखाचे सूत्र मी माझ्या शब्दांत सांगेन; त्या माणसांसाठी हरणाचे अवयव अंगावर घेणे म्हणजे काही अंशी हरीण होणे असू शकेल, माणसाचे शरीर कुठे संपते आणि जनावराचे कुठे सुरू होते ही रेघ आपल्याइतकी ठळक त्यांच्यासाठी नसेल.

हा वाद वाचत असताना मला एक गंमत वाटत राहिली. इंग्रजीत ज्यासाठी लेखच्या लेख खर्ची पडतात, त्यासाठी आपल्याकडे रोजच्या वापरातले शब्द पडून आहेत. 'सोंग' हा एक आणि 'संचार' हा दुसरा. सोंग घेतले जाते, आणले जाते, काढून ठेवले जाते. संचार होतो, तो करता येत नाही. अंगात येते तेव्हा ते आणणारी व्यक्ती व्याकरणातही कर्ता नसते. 'तिच्या अंगात आले' या वाक्यात ती फक्त जागा आहे. क्लार्क यांचे वेषांतर सोंगाच्या बाजूला बसते आणि कॉनेलर यांचे हरीण होणे संचाराच्या बाजूला सरकते, असे मी आधी समजत होते. मग मला मोखाड्याकडची एक रात्र आठवली आणि ही वाटणी डळमळली.

मोखाडा, जव्हार आणि त्याला लागून असलेल्या आमच्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. माझा एक सहकारी शिक्षक तिकडचा. त्याने एका वर्षी आग्रहाने नेले. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर, एकामागून एक देवदेवता आणि राक्षस गावातल्या रस्त्यावरून नाचत येतात. गणपती येतो, शारदा येते, पहाटेकडे देवी आणि महिषासुर येतात. मुखवट्यामागे कोण आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते; अमुक सोंग अमुक घराण्याकडे, हे पिढ्यांचे ठरलेले असते. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हशीची शिंगे लावलेल्या महिषासुराकडे बोट दाखवून, हा आमच्या शेजारचा, काल याचीच बैलजोडी आमच्या नांगराला होती, असे हसत सांगत होती. थोड्या वेळाने देवीचे सोंग आले. तेही ओळखीच्याच कोणीतरी घेतले होते. तीच बाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि पाया पडली. यात तिला काहीही विसंगत वाटले नाही आणि मलाही तिथे बसलेली असताना वाटले नाही. विसंगती घरी आल्यावर, दिव्याखाली विचार करताना वाटू लागते.

इथे एक सावधगिरी मी स्वतःलाच बजावते. बोहाडा आजच्या माणसांचा आहे. त्यात पुराणकथा आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, वर्गणीवरून होणारी भांडणे आहेत. तो अश्मयुगातून उरलेला तुकडा नाही. बस्तरच्या दंडामी माडियांना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्या नाचातल्या गव्याच्या शिंगांच्या शिरोभूषणावरून नावच देऊन टाकले, आणि मग ते शिरोभूषण म्हणजेच ती माणसे असे समीकरण पुस्तकांतून रूढ झाले. गडचिरोलीतल्या माडियांकडेही आपण मराठी माणसे बऱ्याचदा त्याच नजरेने पाहतो. जिवंत शेजाऱ्याला अकरा हजार वर्षे मागे ढकलून त्याच्याकडून यॉर्कशायरच्या हाडांचा अर्थ काढायचा, हे न्याय्य नाही आणि शास्त्रीयही नाही. त्या रात्रीवरून मी एवढेच म्हणते की सोंग आणि श्रद्धा एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. तेव्हा शिरोभूषण घालणाऱ्याला आपण हरीण झालो असे 'खरोखर' वाटत होते का, या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर असायलाच हवे असे नाही.

विधी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संथ, गंभीर, महिनोन्महिने चाललेली तयारी येते. तोही समज एका प्रयोगाने हलवला. स्टार कारला २०१३ मध्ये मिळालेल्या एका शिरोभूषणाचा अभ्यास करून संशोधकांच्या एका गटाने २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हाडाचे त्रिमितीय स्कॅनिंग केले, आणि हरणाच्या डोक्यांवर दगडी हत्यारे चालवून प्रत्यक्ष करूनही पाहिले. त्यांचे म्हणणे असे की डोके ओल्या मातीत लिंपून काही तास निखाऱ्यांत ठेवले असावे, म्हणजे कातडी आणि मांस सुटायला सोपे जाते आणि हाडावर काम करता येते. मातीत लिंपून निखाऱ्यांत भाजणे म्हणजे स्वयंपाकाचीच रीत झाली. शिवाय शिंगांचा जो भाग कापून काढला, त्यापासून भाल्यांची टोके करता येत होती. वाया काही जात नव्हते. चुलीशेजारी, हत्यारे घडवण्याच्या पसाऱ्यातच हे कामही झाले असेल, हे चित्र मला गुहेतल्या गूढ मांत्रिकापेक्षा जास्त ओळखीचे वाटते. आपल्याकडे तरी देवाचे काम घरकामापासून वेगळे कधी होते? नैवेद्याची पुरणपोळी त्याच तव्यावर होते.

मग काम झाल्यावर ही शिरोभूषणे काठावरच्या उथळ पाण्यात का गेली? क्लार्क यांना ती इतर कचऱ्यासोबतच मिळाली होती. अलीकडच्या अभ्यासकांना मात्र तो नुसता कचरा वाटत नाही; शिंगाच्या वस्तू मुद्दाम पाण्यात सोडल्या असाव्यात, मारलेल्या जनावराच्या अवशेषांची विल्हेवाट लावण्याचे काही नियम असावेत, असे ते मानतात. हे वाचताना कोणत्याही मराठी वाचकाच्या जिभेवर 'विसर्जन' हा शब्द येईल, तसा माझ्याही आला. मी तो गिळून टाकला. विसर्जनामागे आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेची आणि पुनरागमनाची पूर्ण कल्पना आहे, ती त्या तळ्यात नेऊन बुडवण्याचा मला अधिकार नाही. तरीही दरवर्षी गळून पुन्हा फुटणारे शिंग पाण्याच्या स्वाधीन करणाऱ्या माणसाच्या मनात परत येण्याविषयी काहीच नसेल, असे मानणेही मला जड जाते. हा मुद्दा मी असाच उघडा ठेवते.

स्टार कारच्या शिरोभूषणांसोबत एकही माणूस सापडलेला नाही. ती उणीव काही प्रमाणात जर्मनीतल्या बाड ड्युरेनबेर्गने भरून निघते. तिथल्या स्नानोपचारांच्या बागेत १९३४ मध्ये खोदकाम करताना सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची एक कबर लागली. लाल गेरूने माखलेल्या त्या खड्ड्यात एक सांगाडा आणि एका तान्ह्या बाळाची हाडे होती, आणि रोहरीण या छोट्या हरणाची शिंगे, जनावरांचे दात, रानडुकराचे सुळे असे कितीतरी सामान. काळ नाझींचा. सांगाडा गोऱ्या, आर्य पुरुषाचा ठरवून ते मोकळे झाले. प्रत्यक्षात ती तिशी-चाळिशीतली स्त्री होती, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासानुसार काळसर वर्णाची होती. बाळ मुलगा होता आणि तिच्या पोटचा नव्हता, दूरच्या नात्यातला होता. ती शिंगे आणि दात तिच्या शिरोभूषणाचे असावेत, असे मानतात. तिच्या मानेच्या पहिल्या मणक्यात जन्मजात दोष होता. डोके विशिष्ट कोनात मागे झुकवले की रक्तवाहिनी दबून तिचे डोळे आपोआप थरथरत असतील, आणि त्यातूनच तिला शामानाचे स्थान मिळाले असेल, अशी एक कल्पना मांडली गेली आहे. कल्पना आकर्षक आहे, पण अंगात येण्याला मणक्याचे कारण दिले की प्रश्न सुटला, असे मी समजत नाही. मला तिच्या मानेची काळजी वाटली. सव्वा किलोच्या एका शिंगाने माझी धडधाकट मान कलली होती. रोहरणाची शिंगे लहान असतात, हे त्यातल्या त्यात बरे.

त्या म्यूझियमभेटीनंतर दोन वर्षांनी लेक नोकरीसाठी लीड्सला राहायला गेली, आणि मी तिच्यामागे लागून एका रविवारी स्टार कारच्या दिशेने गाडी काढायला लावली. फ्लिक्स्टन गावाजवळच्या रस्त्यावरून समोर सपाट, हिरवी, ओलसर जमीन दिसते. हर्टफर्ड नदीचे पात्र तिथे इतके सरळ आहे की ते माणसाने खणले हे लगेच कळते. तळे नाही, शिंगे नाहीत, लांब कुठे गाई चरत होत्या. लेकीने गाडीतून न उतरता विचारले, "हेच?" हेच. या जमिनीखालचे पाणी शेतीसाठी काढून घेतले गेले, तशी पीटमध्ये हवा शिरली. त्यातल्या गंधकयुक्त खनिजांपासून आम्ल तयार झाले आणि हाडांतले खनिज विरघळू लागले. अकरा हजार वर्षे शाबूत राहिलेली हाडे काही दशकांत जेलीसारखी लिबलिबीत झाली. म्हणून तर पुरातत्त्वज्ञ निकी मिलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ ते २०१५ मध्ये तिथे घाईने मोठे उत्खनन करावे लागले. क्लार्क यांना कडक मिळालेली वस्तू आणि यांना मऊ मिळालेली वस्तू, यांत पुरती सत्तर वर्षेही नाहीत. मी रस्त्याच्या कडेला जाऊन चरातले पाणी पाहिले, ते गंजासारखे तांबूस होते. तशीच उभी राहिले, तोवर लेकीने हॉर्न वाजवला.

ब्रिटिश म्यूझियममधल्या त्या काचेपुढे मी पुन्हा एकदा जाऊन आले, या वेळी एकटीच. कवटी समोरून दिसेल अशी ठेवलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ती समोरून दिसण्यासाठीच केलेली होती. मला आतली बाजू पाहायची होती. गुडघे दुखत असतानाही मी वाकले, काचेला नाक लागेपर्यंत खाली गेले, पण हाडाची कड आणि तिच्या मागचा अंधार यापलीकडे काही दिसले नाही.

बोहाड्याच्या त्या पहाटे, सगळी सोंगे संपल्यावर, महिषासुर आमच्या ओट्याशेजारी येऊन बसला होता. त्याने मुखवटा काढून मांडीवर उपडा ठेवला. कपाळाला गुंडाळलेले फडके घामाने भिजून काळे पडले होते आणि ते सोडल्यावर भुवयांच्या वर एक लाल वळ उमटलेला दिसला. मुखवट्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले होते, त्यांवरची अर्धी अक्षरे अजून वाचता येत होती. तो बोटाने आत चाचपत होता. रात्रभर इथे टोचते आहे, असे कोणाला तरी सांगत त्याने खिशातून छोटा चाकू काढला, मुखवटा उजेडाकडे तिरपा धरला आणि आतला एक उंचवटा हलक्या हाताने, पापुद्रा पापुद्रा काढत, खरवडू लागला.